दात ठणठणीत आहेत

रंभाजींची थोरली सून मोनिका दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं नगरला जायची, आणि सोनईतल्या त्यांच्या साऱ्या गल्लीला ठाऊक होतं की ती दाताच्या डॉक्टरकडं जाते. सुरुवातीला लोक हळहळले. मग कुणी लवंगेचं तेल सुचवलं, कुणी पेरूची पानं चावायला सांगितली. पुढं पुढं मात्र बायकांना कोडं पडायला लागलं, कारण ऊस सोलायला बसली की मोनिका पेराला दात लावून सालटं अशी ओढायची की बघणाऱ्याचेच दात आंबावेत.

दाताची गोष्ट रंभाजींनी काढली होती. मोनिका जात होती ती सावेडीत, दीपा मॅडम नावाच्या समुपदेशक बाईंकडं. मनात आग उसळली की ती कशी हाताळायची, दुखतंय ते समोरच्याला कसं सांगायचं, हे त्या बोलता बोलता शिकवायच्या.

ही वेळ का आली, ते आधी सांगायला हवं. आदल्या उन्हाळ्यात जामखेडला मोनिकाची आई दवाखान्यात अत्यवस्थ झाली. तिकडून फोन आला त्या दिवशी रंभाजींच्या घरी जागरण-गोंधळ होता. मांडव घातला होता, पाहुणे उतरले होते, चुलीवर मोठाली पातेली चढली होती. मोनिकानं पिशवी भरली आणि सासऱ्यांपुढं जाऊन उभी राहिली. रंभाजी गावातलं वजनदार माणूस. ते कधी कुणावर ओरडत नसत, कारण ओरडायची त्यांच्यावर पाळीच येत नसे.

"कार्यक्रम उरकू दे," ते म्हणाले. "थोरली सून मांडवात न्हाई म्हणल्यावर लोक काय म्हणतील? म्हातारी काय आजच्या आज जात न्हाई."

मोनिकानं नवऱ्याकडं पाहिलं. सुनील मांडवाच्या खांबाची दोरी आवळत होता. ती आधीच आवळलेली होती.

आई त्याच संध्याकाळी गेली. मोनिका जामखेडला पोचली तेव्हा सगळं उरकून माणसं घरी परतली होती आणि अंगणातल्या तारेवर ओले टॉवेल वाळत होते. तेरावा झाला, ती सोनईला परत आली. डोळ्यांत पाणी आलं की सासू साळूबाई म्हणायच्या, पुरं कर आता, तिन्हीसांजेला घरात रडू नये. सकाळी रडली तर म्हणायच्या, दिवसाची सुरुवात अशी करू नये. मग हळूहळू रडू यायचं थांबलं, आणि त्या रिकाम्या जागेत दुसरंच काहीतरी येऊन बसलं. भाकरी करपली तर तिनं तवा चुलीवरून उचलून अंगणात भिरकावला. एकदा मोरीत जाऊन भिंतीवर डोकं आपटलं, टेंगूळ येईपर्यंत. घरातले म्हणाले, बाईला वारं लागलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिच्या दंडाला काळा दोरा बांधला. तोही तिनं दातानंच तोडला.

आणि मग एका दुपारी ईश्वरीच्या हातून दुधाचा पेला सांडला. मोनिकाची लेक, दुसरीतली पोर. मोनिकाचा हात उठला तो तिला स्वतःलाही दिसला नाही. बांगडी लागून पोरीचा ओठ फुटला. पोरगी रडली नाही. ती मागं सरकत भिंतीला टेकली आणि आईच्या त्या हाताकडं बघत राहिली.

त्या नजरेनं मोनिका हादरली. दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायानं गावातल्या डॉक्टरकडं गेली. डोकं दुखतं म्हणून सांगायला गेली होती, पण सगळंच सांगून बसली. डॉक्टरांनी दीपा मॅडमचा नंबर दिला.

रंभाजींनी नाही म्हटलं नाही. तवा अंगणात पडल्याचं शेजाऱ्यांनी पाहिलं होतं, आणि असं घर कुणाच्या तोंडी राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. धाकट्या ओंकारचं लग्न जुळवायचं होतं. त्यांनी एकच अट घातली. "विचारलं कुणी तर दात दुखत्यात म्हणायचं. डोक्याच्या डॉक्टरकडं सून जाती म्हणल्यावर आपल्या दारात कोण पोरगी देईल?" मोनिकाला तेव्हा काहीही चाललं असतं. ती हो म्हणाली.

दीपा मॅडम पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या बाई. सावेडीत एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. पहिल्याच भेटीत त्यांनी तिला डोळे मिटून शांत बसायला सांगितलं. मोनिकानं डोळे मिटले आणि तिला तारेवरचे ओले टॉवेल दिसले. ती ताडकन उठली. तिला वाटलं, आता ही बाई म्हणेल की तुझ्याच्यानं होणार नाही. मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटणं तुम्हाला मानवत नाही. मग ते सोडून देऊ. उघड्या डोळ्यांनी करण्यासारखं पुष्कळ आहे."

खरंच पुष्कळ होतं. छातीत भडका उठला की आधी गार पाण्यात तोंड बुडवायचं, कारण शरीर तापलेलं असताना डोकं कुणाचंच ऐकत नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. मोनिका म्हणाली, आमचं घर माणसांनी भरलेलं, मी कुठं श्वास मोजत बसू? मॅडमनी विचारलं, दिवसातनं असं कोणतं काम आहे जे करताना तुमच्याशी कुणी बोलत नाही? मोनिका म्हणाली, भाकरी थापताना. मग ते भाकरीवर बसवलं. भाकरी थापायची तोवर श्वास सोडायचा, परातीतून उचलताना घ्यायचा. एसटी चुकली तर भेट फोनवर व्हायची, आणि मोनिका गोठ्यात म्हशीआड उभी राहून बोलायची. जे लागू पडेल ते ठेवायचं, नाही पडलं तर दुसरं काढायचं, अशी त्या बाईंची रीत होती.

पण मोनिकाच्या मनात एक गोष्ट सलत होती, आणि एका गुरुवारी तिनं ती विचारूनच टाकली. "मॅडम, माझी गरीब गाय व्हावी म्हणून येऊ देतात मला तुमच्याकडं. मी शांत झाले म्हणजे त्यांचं बरोबर होतं असं होईल ना?"

मॅडम हसल्या नाहीत. "तुमचा राग काढून घ्यायचं काम मी घेतलेलं नाही," त्या म्हणाल्या. "राग आला की दोन प्रश्न विचारा. हा राग खरा आहे का? आणि हा राग आत्ता जे करायला सांगतोय, ते माझ्या कामाचं आहे का? पहिल्याचं उत्तर हो असलं म्हणून दुसऱ्याचं हो असतंच असं नाही."

मोनिका परतीच्या गाडीत त्यावर विचार करत बसली. आईला भेटू दिलं नाही याचा राग खरा होता. पोरीचा ओठ फोडणं कामाचं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि इतके दिवस ती एकासाठी दुसरं खोटं ठरवायला धडपडत होती.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीत तिनं ओंकारच्या अंगावर पळी फेकली. ती त्याला लागली नाही, पण फेकली हे खरं. मॅडमना सांगताना तिची मान वर होईना. त्यांनी एवढंच विचारलं, पळी उचलायच्या आधी काय झालं, आणि त्याच्या आधी काय झालं. असं मागं मागं जाता जाता दोघी सकाळपर्यंत पोचल्या. सकाळपासून मोनिकानं काही खाल्लं नव्हतं, आणि आईशिवायची ती पहिली दिवाळी होती. घरात कुणाला त्याची आठवणही नव्हती. पण ईश्वरीवर तिचा हात पुन्हा उठला नाही. एकदा तर पोरगीच तांब्याभर गार पाणी घेऊन आली आणि म्हणाली, मम्मी, तोंड धू. मोनिकानं धुतलं.

संक्रांतीनंतर छबूबाईंकडं हळदीकुंकू होतं. छबूबाई म्हणजे शेजारच्या, गल्लीतली खडान्‌खडा बातमी त्यांच्या ओसरीवरून पुढं जायची. त्या दिवशी त्यांच्याकडं घोडेगावच्या सुमनबाई आल्या होत्या. सुमनबाईंच्या पूजाचं स्थळ ओंकारला जवळजवळ पक्कं झालं होतं. म्हणून साळूबाईंनी मोनिकाला चांगली साडी नेसायला लावली होती आणि वाटेत दोनदा बजावलं होतं की नीट बोल.

मोनिकाच्या हातावर अत्तर लावता लावता छबूबाईंनी विचारलं, "कसे हायेत गं दात? इतके महिने झाले, काढले का बसवले?"

बायका हसल्या. सुमनबाईही सोयऱ्यांच्या घरची म्हणून कौतुकानं पुढं झुकल्या. साळूबाईंनी घाईघाईनं सांगितलं की दाढेचं लई अवघड काम हाय, मुळापासून करायचं हाय. आणि मोनिकाच्या छातीत ते सुरू झालं. तिनं ओळखलं. तिनं श्वास लांब सोडला. आधी तिला वाटलं ही लाज आहे. मग नीट पाहिलं तर लाज नव्हती, राग होता. खरा का? खरा. आईच्या वेळी तिचं तोंड बंद केलं होतं, आणि आता तिच्या दुखण्याचंही तोंड बंद केलं होतं, वर तिच्याच दातांनी. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. हा राग आत्ता काय करायला सांगतोय? खरं बोल म्हणतोय. ते कामाचं आहे का? मोनिकाला वाटलं, आहे.

"माझे दात ठणठणीत आहेत, छबूमावशी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ओसरीभर ऐकू गेला. "माझी आई गेली तेव्हापासून मला राग आवरत नव्हता. मी पोरीला मारलं. म्हणून मी नगरला समुपदेशनाला जाते. मनाच्या डॉक्टरकडं म्हणा, तरी चालेल. मला बरं वाटतंय."

छबूबाईंच्या हातातली अत्तराची कुपी तशीच राहिली. साळूबाई खाली मान घालून तिळगूळ पदरात बांधत होत्या, आणि तो काही केल्या बांधला जाईना. मोनिकानं आपलं वाण उचललं, सगळ्यांना नमस्कार केला आणि सावकाश चालत घरी आली. घरी आल्यावर मात्र ती आत न जाता उंबऱ्यातच बसली.

दोन दिवसांत घोडेगावचा निरोप आला. एवढ्यात पोरीचं लग्न करायचा विचार नाही म्हणाले. ओंकारनं मोनिकाशी बोलणं टाकलं. रंभाजींनी तिला काही विचारलं नाही, त्यांनी थेट जामखेडला फोन केला आणि तिच्या वडिलांना बोलावून घेतलं.

वैजनाथ सकाळच्या गाडीनं आले. बायको गेल्यापासून माणूस वाळून गेला होता. ओसरीवर सतरंजीच्या कडेला बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सुनील दाराला टेकून उभा होता. साळूबाई स्वयंपाकघराच्या चौकटीत होत्या. रंभाजींनी शांतपणे सगळं सांगितलं. पोरीनं चार बायकांत घराची अब्रू घालवली, ठरलेली सोयरीक मोडली. तिचं नगरला जाणं बंद होईल, नाहीतर डोकं ठिकाणावर येईपर्यंत तुम्ही तिला माहेरी न्या. असं दोन्हींतलं एक.

वैजनाथांनी हात जोडले. "पोर चुकली असंल, पाव्हणं. तिच्या वतीनं मी माफी मागतो. आई गेल्यापासून तिचं मन..."

"दादा," मोनिका म्हणाली, "माझ्या वतीनं माफी मागू नका."

ती येऊन सासऱ्यांसमोर बसली. कसं बोलायचं हे तिनं मॅडमबरोबर किती वेळा तरी घोकलं होतं. काय घडलं ते सांगायचं, आपल्याला काय वाटलं ते सांगायचं, काय पाहिजे ते सांगायचं. समोरच्यानं फाटे फोडले तर फाट्यावर जायचं नाही, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं.

"मामा, मी खरं बोलले म्हणून भाऊजींचं स्थळ गेलं. त्यांचं मला वाईट वाटतं. पण मी गुरुवारी नगरला जाणार आहे."

रंभाजी म्हणाले की या घरात बायकांनी असं समोर बसून बोलायची पद्धत नाही.

"नसेल. मी गुरुवारी नगरला जाणार आहे."

ते म्हणाले, तिथं तुला घर फोडायला शिकवतात.

"तिथं मला पोरीवर हात न उचलायला शिकवतात. मी गुरुवारी जाणार आहे. आणि माहेरीही मी जाईन, पण मला जायचं असेल तेव्हा. धाडलं म्हणून नाही." ती थांबली. पुढचं वाक्य तिनं मॅडमपुढंही धडपणे पूर्ण केलं नव्हतं. "आईचं कळवायला फोन आला तेव्हा मला जायचं होतं. मी पिशवी भरून तुमच्यापुढं उभी होते. तुम्ही म्हणालात कार्यक्रम उरकू दे, म्हातारी आजच्या आज जात नाही. मी तिचं तोंडही पाहिलं नाही. त्याचा मला राग आहे, आणि तो राहणार आहे. ते चुकलं, एवढं तुम्ही म्हणावं."

वैजनाथांनी टोपी उचलली आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवली. "पण मला तर तुमीच सांगितलं हुतं," ते सावकाश म्हणाले, "का फोन उशिरा लागला. तुमाला वेळेवर कळलंच न्हाई म्हणून." "तिच्या तोंडात शेवटचं पाणी लेकीनं घालावं म्हणून मी थांबलो हुतो." हे मोनिकाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"असं काय झालंच न्हवतं," रंभाजी म्हणाले. "तिच्या डोक्यात काय काय येतं. म्हणून तर सांगतो, पोरीची तब्येत बरी न्हाई."

मोनिकाला वाटलं, आता तवा उचलावा. पण हाताशी तवा नव्हता, आणि तिच्या आधी दुसरंच कुणीतरी बोललं.

"झालं हुतं," साळूबाई चौकटीतून म्हणाल्या. "मी तिथंच हुते. पुरणाचा घास माझ्या हातात हुता."

साऱ्या संसारात साळूबाईंनी नवऱ्याचं बोलणं चारचौघांत खोडलं नव्हतं. एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि आत गेल्यावर भांड्यांचा मोठा आवाज आला. रंभाजी उठले, चपला घातल्या आणि मळ्याकडं चालते झाले. चुकलं असं ते म्हणाले नाहीत. त्यानंतरही कधी म्हणाले नाहीत.

वैजनाथ निघताना मोनिकाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "मी तुला न्यायला आलो न्हवतो, बाई. माफी मागायला लावायला आलो हुतो. बरं झालं, न्हाई मागितलीस." मग ते अंगणात उभे राहून रडले, आणि मोनिकाही रडली, भर दुपारी, गल्लीतल्या लोकांना दिसेल असं.

त्या रात्री सुनील तिला म्हणाला की मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मोनिकाला पुष्कळ सुनवता आलं असतं, आणि मांडवाच्या त्या दोरीपासून सुरुवात करता आली असती. तिनं विचार केला की मला आत्ता नक्की काय पाहिजे. "गुरुवारी ईश्वरीला शाळेतून तुम्ही आणायचं," ती म्हणाली. "आणि तिला भूक लागलेली असते, लगेच काहीतरी द्यायचं." सुनील हो म्हणाला. त्या गुरुवारी त्यानं आणलंही. पोरीला खारी खायला घातली.

घरात गोडी आली असं म्हणता येणार नाही. रंभाजी तिच्या हातचं जेवायचे, पण तिच्याशी बोलायचे ते ईश्वरीमार्फत. ओंकार अजूनही ती ताट वाढायला आली की नजर फिरवायचा. छबूबाईंनी मात्र एकदा कुंपणापाशी गाठून हळूच विचारलं, झोप येत नसली तर त्यावर काय सांगतात का गं तिथं. मोनिका म्हणाली, मोठ्यानं विचारा मावशी, मग सांगते. छबूबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं.

आणि एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी पूजा बोलतेय. घोडेगावची." ज्या मुलीनं या घरात जाऊबाई म्हणून यायचं होतं, तीच ही. पूजा घाईनं बोलत होती. "तुमच्या भाऊजींना नाही म्हणाले ते आमच्या घरचे. मला विचारलं नव्हतं. आधी हो म्हणाले तेव्हाही विचारलं नव्हतं. आईनं तुमचं सगळं घरी येऊन सांगितलं, नावं ठेवत. मी ऐकत होते." ती थांबली. "परीक्षा म्हटलं की माझे हात कापतात, श्वास लागतो. दोन पेपर सोडून उठून आले. मला त्या मॅडमकडं जायचंय."

मोनिकानं नंबर सांगितला. भाकरीचं तुला सांगणार नाहीत, म्हणाली, तुझं तुझ्यासारखं काढतील. आणि हेही सांगितलं की घरात बोलशील तर सोपं जाणार नाही, माझं काय झालं ते तू ऐकलंयस.

"ऐकलंय," पूजा म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला फोन केला."

गुरुवारी घोडेगावच्या थांब्यावर एसटी उभी राहिली तेव्हा पाठीला सॅक लावलेली एक उंच मुलगी चढली. थांब्यावर तिचे वडील तोंड फिरवून उभे होते. तिनं गाडीभर नजर फिरवली आणि सरळ येऊन मोनिकाशेजारी बसली. कंडक्टर तिकीट फाडत जवळ आला आणि कुठं म्हणून विचारलं.

"नगर," पूजा म्हणाली. "सावेडीला जायचंय." एवढं त्यानं विचारलं नव्हतं.